हंसणाऱ्या वर्गाचा दोष

मुलें भांडावयाचींच, असें म्हणून वडील माणसें मोकळीं होतात. परंतु भांडण बरोबरीच्यांत होतें. छळाला बळाची विषमता लागते, आणि प्रेक्षकही लागतात. नॉर्वेंत १९८२ सालीं तीन मुलांनीं, बहुधा सोबत्यांच्या छळापायीं, आत्महत्या केल्यावर डॅन ओल्वेयस यांनीं सबंध शाळा बदलूं पाहणारी योजना आंखली. पुढें फिनलंडांतील ‘किवा’ योजनेनें तर बघ्यांनाच हाताशीं धरलें. ही दृष्टि मला अधिक खरी वाटते. दांडगा मुलगा टोपणनांव उच्चारतो तें वर्ग हंसावा म्हणून. वर्ग गप्प बसला, तर तें तेथेंच विरतें. मग हंसणारा निर्दोष कसा? तो भीतीनें हंसला म्हणावें, तर ती भीति घालविणें शिक्षकाचें काम. आणि मुलाच्या तोतरेपणावर स्वतःच विनोद करणाऱ्या शिक्षकाकडून तें कसें व्हावें?