सामाईक कोडाचा सातबारा

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरांत वकिलांच्या जाहीर नोटिसा असतात. अमुक गट नंबरची जमीन आमचे अशील विकत घेत आहेत, कोणाचा हक्क किंवा हितसंबंध असल्यास चौदा दिवसांत कागदपत्रांसह कळवावे, अन्यथा कोणाचीही हरकत नाही असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल. मार्च २०१७ मध्ये ओपनएसएसएल या प्रकल्पाने आपल्याकडे कधीकाळी काम केलेल्या शेकडो प्रोग्रामरांना ईमेल धाडले. त्यातलं एक वाक्य थेट अशा नोटिशीतून उचलल्यासारखं होतं. उत्तर आलं नाही तर तुमची हरकत नाही असं आम्ही धरू.

जगभरातल्या असंख्य सर्व्हरांवर माहिती कुलूपबंद करून पाठवण्याचं काम ओपनएसएसएल करतं. त्याचा जुना परवाना चमत्कारिक होता. जाहिरातीत आमचं नाव घ्या, अशी त्यात अट होती, आणि तिच्यामुळे हा कोड, वाटलेलं पुढेही खुलंच ठेवायला लावणाऱ्या जीपीएल परवान्याच्या प्रकल्पांशी नीट जुळत नसे. त्याऐवजी सर्वांच्या ओळखीचा अपाची परवाना लावायचा, एवढाच हेतू. हेतूला फारसा कोणाचा विरोध नव्हता. भांडण झालं ते त्या एका वाक्यावरून. ओपनबीएसडी या कार्यप्रणालीचे थिओ द राट यांनी जाहीर आक्षेप घेतला. लेखकाचं मौन म्हणजे संमती, हे कॉपीराइटच्या कायद्यात कुठे लिहिलंय?

मला तेव्हा हा आक्षेप निव्वळ खुसपट वाटला होता. सगळ्यांच्या भल्याचं काम चाललंय आणि कोणी तरी सहीसाठी अडून बसलाय! आता तसं वाटत नाही. ते का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

१९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स ही कार्यप्रणाली लोकांना दिली, तेव्हाचा परवाना त्याने स्वतःच लिहिलेला होता. कोड सोबत द्या, आणि वाटण्याचे पैसे घेऊ नका. पण फ्लॉपीवर कॉपी करून देणाऱ्यालाही फ्लॉपीचा खर्च पडतोच की. लोकांनी हे लक्षात आणून दिलं, आणि १९९२ च्या सुरुवातीला त्याने आगाऊ कळवून परवाना बदलला. मुक्त सॉफ्टवेअरचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांचा जीपीएल घेतला. तोवर हातभार लावणारे मूठभरच होते. परवाना म्हणजे घरमालकाने दारावर लावलेली पाटी, मालकाला वाटलं की बदलली, इतकं ते सोपं होतं.

मालक खरोखर एकच असेल तर ते आजही सोपं असतं. आपल्या जवळचं उदाहरण लोहित फॉन्टचं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट रेड हॅट या कंपनीने घेऊन २००४ मध्ये जीपीएलखाली खुले केले. जीपीएल हा मुळात प्रोग्रामसाठी घडलेला परवाना. फॉन्ट तर दस्तऐवजाच्या पोटातच जाऊन बसतो. मग माझ्या मराठी पीडीएफलाही जीपीएल लागू होतो की काय, असली शंका निघते. २०११ मध्ये हे फॉन्ट खास फॉन्टांसाठीच्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली आले. ज्यांच्या कागदपत्रांत ही अक्षरं उमटतात, त्यांतल्या बहुतेकांना याचा पत्ताही लागला नसेल.

पण वीस वर्षांत मालक एकटा राहत नाही. कोणी चार ओळी दुरुस्त करतो, कोणी अख्खा विभाग लिहितो, आणि त्या ओळींपुरता कॉपीराइट ज्याचा त्याचा राहतो. आजोबांच्या नावावरच्या शेताच्या उताऱ्यावर पुढे मुलं, मुली, नातवंडं अशी सहहिस्सेदारांची रांग लागते, तसंच हे. एक आत्या अमेरिकेत, एका चुलत्याचा पत्ता नाही, एकाशी बोलणं बंद. म्हणूनच ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचं परवाना बदलण्याचं काम २००१ ला सुरू झालं ते २००६ पर्यंत पुरलं. व्हीएलसी हा सिनेमे बघण्याचा लोकप्रिय प्लेअर पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात जन्मला. त्याचा गाभा जीपीएलमधून थोड्या सैल एलजीपीएलमध्ये आणण्यासाठी झाँ-बाप्तिस्त केम्फ यांनी शेकडो जणांचा माग काढला आणि एकेकाची संमती मिळवली. तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवलेला माणूसच त्यांचे हाल समजू शकेल.

मग व्यवहारी लोकांनी यावर तोडगा काढला. आमच्या प्रकल्पात कोड द्यायचा तर आधी एका करारावर सही करा. कोड तुमचाच, पण तो हव्या त्या परवान्याखाली वाटण्याचा अधिकार आमचा. आपल्याकडे याला कुलमुखत्यारपत्र म्हणतात, आणि ते कोणाच्या हाती द्यावं याबद्दल आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना बरंच ठाऊक असतं.

ते मुखत्यारपत्र पुढे कसं वापरलं गेलं? क्लाउड कंपन्या खुला कोड आपल्या यंत्रांवर चालवून भाड्याने देऊ लागल्या. कमाई त्यांची, देखभाल मूळ कंपनीची. तक्रार खोटी नव्हती, हे मान्यच केलं पाहिजे. २०१८ मध्ये मोंगोडीबीने, २०२१ मध्ये इलास्टिकने, २०२३ मध्ये हॅशीकॉर्पने परवाने आवळले. कोणालाही एकेकाची दारं ठोठवावी लागली नाहीत. सह्या आधीच घेऊन ठेवलेल्या होत्या, त्याही सहकार्याच्या नावाने.

याला कोणी चोरी म्हटलं की मला ते पटत नाही. दिलेलं परत घेता येत नाही. जुन्या परवान्याखालचा जुना कोड सर्वांचा होता तसाच राहतो, बदलतं ते पुढचं. पण ज्याने फुकट राबून चार ओळी दिल्या होत्या, त्याने त्या पुढचं बघूनच दिल्या होत्या ना?

लिनक्सच्या गाभ्याला आजही असं मुखत्यारपत्र नाही. हजारो लोकांची नावं त्यात आहेत, काही तर आता हयातही नाहीत. जीपीएलची तिसरी आवृत्ती २००७ मध्ये आली आणि टोरवाल्ड्स यांना ती पसंत पडली नाही. पण पसंत पडती तरी लिनक्स तिच्याखाली नेणं त्यांच्या हातात उरलेलं नव्हतं. ज्या अडचणीपायी मोझिला आणि व्हीएलसीवाले मेटाकुटीला आले, तीच इथे कुंपण झाली आहे. द राट यांच्या हट्टाकडे मी आता याच बाजूने बघतो. पुढे ओपनएसएसएलने एका न सापडलेल्या माणसाचा थोडा कोड चक्क काढून टाकला, आणि २०२१ च्या सप्टेंबरमध्ये नव्या परवान्याची आवृत्ती आली. त्या माणसाला यातलं काही कळलं की नाही, कोण जाणे.

मात्र सह्यांनी सगळंच राखलं जातं, असंही नाही. साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या रेडिस या डेटाबेसचा बीएसडी परवाना इतका उदार, की कोणीही त्यावर पुढचं काम करून ते स्वतःच्या अटींवर वाटावं. २० मार्च २०२४ रोजी रेडिस कंपनीने नेमकं तेच केलं, कोणाची सही न घेता. आठव्या दिवशी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली वाल्की जाहीर झालं. जुन्या कोडावरून, जुन्याच परवान्याखाली मांडलेली वेगळी चूल. काल एका घरात राबणारी माणसं दोन घरांत विभागली.

वर्षभराने, मे २०२५ मध्ये, रेडिसने पुन्हा खुला परवाना देऊ केला, पण या वेळी एजीपीएल, म्हणजे घेणाऱ्यालाही आपला कोड उघडा ठेवायला लावणारा. तोवर मधली भिंत पक्की झाली होती. तिला एकच दार आहे, आणि तेही एकाच बाजूला उघडतं. वाल्कीत झालेली सुधारणा रेडिसला मूळ लेखकांचं नाव देऊन उचलता येते. रेडिसमधली नवी ओळ मात्र वाल्कीला आपला परवाना राखून घेता येत नाही.