खालच्या पायरीचे समाधान

कोलाडच्या नाक्यावरून एक रस्ता दक्षिणेस माणगावावरून महाडास जातो व दुसरा पश्चिमेस रोह्याकडे, तेथून पुढे अलिबाग तालुक्यात. या जिल्ह्यास पूर्वी कुलाबा म्हणत. त्या काळी या दोन वाटांच्या टोकांस जे घडले, ते एकत्र ठेवून पाहिल्यावाचून गरिबाच्या रागाविषयी बोलू नये, असे आम्हांस वाटते.

अलिबाग तालुक्यातील चरी गावी 1933 साली कुळांनी संप पुकारला. खोताची जमीन कसावी, पिकाचा मोठा वाटा त्याच्या कोठारात घालावा, वर वेठ करावी आणि त्याच्या ओटीपुढे उभे राहावे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला होता. नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली पंचवीस गावांनी नांगर खाली ठेवला, तो 1939 पर्यंत उचलला नाही. हा राग पाप होता काय? धर्मोपदेशक गरिबास संतुष्ट राहावयास सांगतात. परंतु ज्याने पेरले त्याने आपल्या ताटातला भात मागितला, तर त्यास मत्सर म्हणवत नाही. अडवून ठेवलेल्या मजुरीविषयी याकोबाने धनवानांस काय सुनावले, ते त्याच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पाहावे.

आता महाड. 20 मार्च 1927 रोजी अस्पृश्य म्हटलेल्या लोकांनी डॉ. आंबेडकरांसह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. मुंबई कौन्सिलाच्या 1923 च्या ठरावाने त्यांस तशी मोकळीक होती व 1924 मध्ये नगरपालिकेनेही ती मान्य केली होती. तरी ते वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी हूल उठली आणि त्यांस मारहाण झाली. मागून तळेही ‘शुद्ध’ करून घेण्यात आले.

मारणारांचे त्या ओंजळीने काय गेले? तळे काही आटले नव्हते. हा सारा खोतांचा मुलूख. तेथील सवर्ण म्हणविणाऱ्यांपैकी पुष्कळांस स्वतः कोणाच्या तरी ओटीपुढे उभे राहावे लागे. आपल्याखाली आणखी कोणी आहे, एवढीच त्यांची मिळकत. ती त्या दिवशी हातची जाऊ लागली.

अमेरिकेत 1865 साली यादवी युद्ध संपल्यावर दक्षिणेतील गोऱ्या मजुरांचे असेच झाले. ड्यू बॉईस यांनी 1935 च्या आपल्या इतिहासग्रंथात दाखविले आहे की, त्यांस पैसा थोडाच मिळे, पण जोडीस मानाची मजुरी मिळे: बागेत, शाळेत, कचेरीत काळ्या मनुष्याच्या वरची जागा. तेवढ्यावर भुलून आपल्याच जोडीच्या दरिद्री काळ्या मजुराशी त्यांनी क्वचितच हात मिळविला. मालकास याहून स्वस्त सौदा कोणता?

चरीच्या कुळांची कैवार घेण्यास 1934 साली कोण आले? डॉ. आंबेडकर. खोती मोडण्याचे बिलही 1937 मध्ये त्यांनीच आणिले. ज्याच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्याने भाताचा वाद अंगावर घेतला! खोती पुढे 1949 च्या कायद्याने गेली.

आता घरचे. मंडळीत कोणी श्रीमंत आला की पुढची खुर्ची त्याच्यासाठी रिकामी होते, अशी आपली तक्रार असते, व ती रास्त आहे. परंतु सोयरिकीची बोलणी निघाली म्हणजे ‘ते पूर्वीचे कोण?’ असे दबक्या आवाजात विचारतो, तो बहुधा खुर्ची न मिळालेलाच. आम्हीही एकदा विचारले. तेव्हा समोरच्या वृद्ध बाईंनी हातातला कप खाली ठेविला आणि उत्तर न देता, पाणी हवे काय, इतकेच आम्हांस पुसले.