फोटोवाला आला का?

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत लग्न असो की बारसं, मंडपात एक विचारणा ठरलेली: ‘फोटोवाला आला का?’ ज्याची वाट पाहिली जाते त्याच्या दुकानाच्या पाटीवर मात्र ‘फोटोग्राफर’ असतं, आणि त्याने टिपलेलं दृश्य पेपरात छापून आलं तर खाली ‘छायाचित्रकार’. माणूस एकच, कॅमेराही एकच. पत ठरते ती शब्दाच्या शेपटीवर.

‘वाला’ दारात येतो: दूधवाला, भाजीवाला, रद्दीवाला. ‘कार’ व्यासपीठावर बसतो: नाटककार, शिल्पकार. म्हणूनच ‘अल्बमचे किती कमी करणार?’ हे फोटोवाल्याला बेधडक विचारता येतं. छायाचित्रकारासमोर जीभ जरा अडखळते.

क्रियापद मात्र फोटोवाल्याच्या बाजूचं आहे. हिंदीत फोटो खेचतात. मराठीत तो ‘काढतात’, रांगोळी किंवा चित्र काढावं तसा. मराठीची आणखी एक गंमत अशी, की त्याच कागदाला कुणी छायाचित्र म्हणतं, कुणी प्रकाशचित्र. सावली आणि उजेड, दोघांचाही त्यावर हक्क!

नाशिक जिल्ह्याला या धंद्याची ओळख जुनी. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्याआधी फोटोचाच व्यवसाय करत. गोध्र्यातल्या धंद्यानंतर बडोद्यात त्यांनी पुन्हा जम बसवू पाहिला, तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो या समजामुळे गिऱ्हाइकं बिचकली, असं सांगतात. पुढे तेच ‘चित्रपटमहर्षी’ झाले. फोटोवाल्यापासून इतकी उंच बढती क्वचितच कुणाला मिळाली असेल.

होमाई व्यारावाला यांच्या तर आडनावातच ‘वाला’. देशातल्या या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकाराचं टोपणनाव होतं ‘डालडा १३’. जन्म १९१३चा आणि गाडीचा क्रमांक डीएलडी १३, त्यावरून ते पडलं. इटलीचे दिग्दर्शक फेलिनी यांनी १९६०च्या चित्रपटात एका फोटोवाल्या पात्राला पापाराझ्झो नाव दिलं आणि ताऱ्यांच्या मागे धावणारी जगभरची जमात ‘पापाराझी’ झाली. मुंबईत त्याचं आणखी आखूड ‘पॅप’ झालं.

आता मंडपात प्रत्येक हातात मोबाइल आहे. अक्षता पडताना शंभर फोटो निघतात, पण ते काढणाऱ्यांपैकी कुणालाच फोटोवाला म्हणत नाहीत. त्यांच्यासाठी भाषेने अजून शेपूट शोधलेली नाही. तेवढ्यात स्टेजवरून आवाज येतो, ‘अहो, फोटोवाल्याला थांबवा, आत्याबाई राहिल्यात!’