याकोबाचं बेथेल आणि जालन्याचं बेथेल



जालना म्हटलं की मोसंबी, बियाणं आणि लोखंडाच्या भट्ट्या आठवतात. पण जालन्याजवळ बेथेल नावाचं एक ख्रिस्ती गावही वसलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते वसवलं रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी, निजामाच्या राज्यात जमीन मिळवून. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं, अशी कुटुंबं तिथे राहायला आली.

शेषाद्री जन्मानं ब्राह्मण. 1843 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहायला गेला, तेव्हा वडील कोर्टात गेले. मुलगा अल्पवयीन, म्हणून कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. आता जातच त्याला घेईना! प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि मुंबईत मोठा वाद पेटला. त्या घरात दगा कुणी कुणाला दिला? वडिलांना विचारलं असतं तर त्यांनी एक नाव घेतलं असतं, मुलांनी दुसरं.

शेषाद्रींच्या गावाचं नाव बायबलच्या ज्या गोष्टीतलं आहे, तीही भावाभावांचीच. याकोबानं आईकडून हाताला करडाचं कातडं गुंडाळून घेतलं, आंधळ्या बापाला फसवलं आणि थोरल्या एसावाचा आशीर्वाद लाटला. एसाव जिवावर उठला, तेव्हा हा पळाला. रानात रात्र पडली, दगड उशाला घेतला. त्या रात्री स्वप्नात देवानं त्याला सांगितलं, तू जाशील तिथे मी तुझ्याबरोबर असेन. याकोबानं त्या जागेला नाव दिलं बेथेल.

हे वचन मिळालं कुणाला? फसवणाऱ्याला! मला ही गोष्ट बरीच वर्षं अडचणीची वाटायची. दुखावलेला माणूस देवाला आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून बोलावतो, आणि देव समोरच्याच्याही उशाशी बसलेला असतो.

पुढे याकोब मामाकडे, लाबानाकडे गेला. त्याच्या धाकट्या मुलीसाठी, राहेलीसाठी सात वर्षं राबला, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर नवरी थोरली लेआ! मामानं त्याची मजुरीही दहा वेळा बदलली. फसवणाऱ्याला सवाई भेटला. मामाकडची सगळी वीस वर्षं देव त्याच्याबरोबरच होता, आणि तरीही फसवणूक व्हायची ती झालीच. देव सोबत असला की कुणी दगा देणार नाही, असं शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही. प्रभू येशूनं तर दगा देणाऱ्या यहूदाचेही पाय धुतले, आणि यहूदा त्याच रात्री उठून गेला.

आपल्याकडे दगा बहुधा कागदावरून येतो. बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतात. "ताई, तुझं माहेर कुठं जातंय? कर इथं सही." हक्कसोडपत्र होतं, सातबाऱ्यावरून नाव जातं, आणि दोन दिवाळ्यांनंतर भाऊबीजेचा फोनही बंद होतो. जमीन गेल्यापेक्षा तो फोन जास्त टोचतो. अशा बहिणीला कुणी म्हणतं, देवावर सोड, गप्प बस. मला हा सल्ला पटत नाही. याकोबानं लाबानाला तोंडावर वीस वर्षांचा हिशोब ऐकवला, मग दोघांनी दगडांची रास रचून हद्द ठरवली. त्यानंतरच तो एसावाला भेटायला निघाला, आणि एसावानं धावत येऊन त्याला मिठी मारली.

म्हणून ताई, सही करायच्या आधी कागद एखाद्या वकिलाला दाखवा. सही झाली असेल, तरी एकदा विचारून बघा; हक्क मागण्यात अविश्वास नाही. आणि आज प्रार्थनेला बसाल तेव्हा त्या भावाचंही नाव घ्या. जमलं नाही, तर उद्या घ्या.