सोडू की थांबू?



काही आठवड्यांपूर्वी रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ मला भेटायला आले. वय पंचेचाळीसच्या आसपास. अंधेरीच्या बाजूला एका खासगी कंपनीत, हिशेबाच्या खात्यात एकोणीस वर्षे नोकरी. देवळाबाहेरची गर्दी ओसरेपर्यंत ते बाकावर बसून राहिले आणि मग हळूच म्हणाले, "फादर, नोकरी सोडू की थांबू?"

त्यांची हकिकत तुमच्यापैकी अनेकांना ओळखीची वाटेल. कंपनी दुसऱ्यांनी विकत घेतली, नवे साहेब आले. ज्या कामाचा अभिमान वाटायचा ते काम काढून घेतले गेले. खात्यातल्या दोघांना घरी बसवले. आता पुढचा नंबर कोणाचा, यावर रोज जेवणाच्या सुट्टीत कुजबुज चालते. रविवारची संध्याकाळ झाली की त्यांच्या पोटात गोळा येतो. "त्यांनी काढण्याआधी आपणच निघालेलं बरं, निदान मान तरी राहील," ते म्हणाले. "पण घराचे हप्ते आहेत, मुलगी बारावीला आहे. काही सुचत नाही."

मी काय उत्तर दिले? "प्रार्थना करा, देव मार्ग दाखवील." ते "हो फादर" म्हणाले आणि निघून गेले.

माझे वाक्य खोटे नव्हते. पण मला पुढे बाप्तिस्मा होता, माझे लक्ष घड्याळाकडे होते आणि ते वाक्य मी दार लावून घेण्यासाठी वापरले. रात्री ही गोष्ट मनाला लागून राहिली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन केला. त्यानंतर दोन संध्याकाळी आम्ही निवांत बसून बोललो. त्या बोलण्यातून जे हाती आले ते त्यांच्या परवानगीने येथे मांडत आहे.

पहिली गोष्ट आमच्या ध्यानात आली ती अशी, की त्यांचा प्रश्न एक नसून दोन प्रश्नांची गाठ होती. 'नोकरी नकोशी झाली आहे' हे आजचे दुःख. 'नोकरी जाईल' ही उद्याची भीती. दुःख म्हणते, सोड. भीती एकदा म्हणते, घट्ट धरून राहा आणि दुसऱ्यांदा म्हणते, त्यांच्याआधी तूच पळ. या ओढाताणीत माणूस कामातही नसतो आणि कामाबाहेरही नसतो. म्हणून आधी गाठ सोडवावी. उद्या कोणी तुम्हाला लेखी दिले की पुढची दहा वर्षे तुमची नोकरी पक्की, तरीही ती सोडावीशी वाटेल का? उत्तर 'हो' असेल तर खरा प्रश्न दुःखाचा आहे. 'नाही' असेल तर कामाने नव्हे, भीतीने तुम्हाला ग्रासले आहे.

दुःखही एका जातीचे नसते. मला त्याच्या तीन जाती दिसतात. पहिली, काम आपल्याकडून अधर्म करवून घेते: खोटी बिले, फसवणूक, दुसऱ्याच्या पोटावर पाय. तिथे 'पोरांसाठी करतो' ही सबब चालत नाही. मात्र अशा वेळीही राजीनामा ही पहिली पायरी नसते. आधी नकार द्यावा, शक्य तर लेखी द्यावा. सोडून जाणे त्यानंतर.

दुसरी, काम माणसालाच मोडते. झोप जाते, रक्तदाब वाढतो, रोजचा अपमान सवयीचा होतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमाविषयी विश्वपत्र लिहिले. तरुणपणी, जर्मन ताबा असलेल्या पोलंडमध्ये, त्यांनी स्वतः दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात मजुरी केली होती. त्यांच्या त्या पत्राचा गाभा असा, की काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. एखाद्या नोकरीने हे नाते उलटे केले असेल तर तिथून निघण्याचा विचार म्हणजे आळस नव्हे.

तिसरी जात सर्वांत जास्त आढळते. काम वाईट नाही, छळही नाही, फक्त त्यात राम उरलेला नाही. या दुःखाला कमी लेखू नये. पण या एका कारणासाठी घरच्यांना संकटात टाकण्याआधी दहादा विचार करावा. आपल्या आधीच्या पिढीने अशाच बेचव कामावर घरे उभी केली आणि संध्याकाळी वाडीत जाऊन झाडांना पाणी घालताना आपला आनंद शोधला.

येथे मला माझ्या वडिलांची आठवण होते. २००१ साली मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत होतो. वडील गोरेगावच्या एका कंपनीत मशीनवर होते. तो काळ स्वेच्छानिवृत्तीचा होता. सरकारी बँकांतही तेव्हा अशीच योजना आली होती. वडिलांच्या कंपनीने कागद पुढे ठेवला आणि विचार करायला सात दिवस दिले. वडिलांनी पाचव्या दिवशी सही केली. मिळालेल्या पैशांतून घराचे छप्पर नवे झाले, धाकट्या बहिणीचे लग्न झाले. आमची उपासमार झाली नाही. पुष्कळ वर्षांनी मी त्यांना विचारले, "पप्पा, तुम्ही सही का केली?" ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "सगळे करत होते, म्हणून मीपण केली."

निर्णय चुकला, अशी त्यांची तक्रार नव्हती. तो आपण घेतलाच नाही, ही त्यांची खंत होती. 'स्वेच्छा' हा शब्द फक्त कागदावर होता. पुढे २०१९ च्या अखेरीस बीएसएनएलच्या सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज भरले, ती बातमी वाचताना माझ्या मनात हाच विचार आला: यांतल्या किती सह्या स्वेच्छेच्या आणि किती शेजारच्या टेबलाकडे पाहून केलेल्या?

ज्या वर्षी वडिलांनी सही केली त्याच सुमारास वर्गात आम्ही अ‍ॅरिस्टॉटल वाचत होतो. त्याने जहाजाचे एक उदाहरण दिले आहे. वादळात सापडलेला तांडेल जहाज वाचवण्यासाठी माल समुद्रात टाकतो. हे त्याने स्वखुशीने केले की नाइलाजाने? अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, अशा कृतीत दोन्हींची सरमिसळ असते. एरवी कोणी माल फेकणार नाही. परंतु त्या क्षणी, ती परिस्थिती पाहून, हात त्याचेच हलतात. म्हणून ती कृती त्याचीच. आपल्यातल्या मच्छीमार बांधवांना हे समजावून सांगायला नको. त्यांना हेही ठाऊक आहे की नुसते आभाळ भरून आले म्हणून कोणी जाळी पाण्यात टाकून देत नाही. वादळ कोणते आणि नुसते ढग कोणते, हे ओळखणे म्हणजेच विवेक.

मग विवेक करायचा कसा? संत थॉमस अक्वायनस त्याच्या तीन पायऱ्या सांगतात: चौकशी करणे, निवाडा करणे आणि ठरवलेले अंमलात आणणे.

चौकशीपासून सुरुवात करू. त्या गृहस्थांना मी विचारले, "घरी किती महिने पुरेल एवढी शिल्लक आहे?" त्यांना सांगता आले नाही. हिशेबाच्या खात्यातला माणूस, पण भीतीमुळे त्यांनी घरचा हिशेब मांडलाच नव्हता. आम्ही कागद घेतला. हप्ता किती, फी किती, आईच्या औषधांना किती. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबरच संपेल, मग त्याची सोय काय? राजीनामा आणि कपात यांत कायद्याने मोठा फरक आहे, हेही पाहिले. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कपातीत काढायचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ही तरतूद होती, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. स्वतःहून राजीनामा दिला तर ही भरपाई मिळत नाही. व्यवस्थापकांना आणि वरच्या पगाराच्या पर्यवेक्षकांना ही तरतूद लागू होत नाही. त्यांनी आपले नेमणूकपत्र नीट वाचावे. आणि साहेबांनी खोलीत बोलावून 'आत्ताच राजीनामा लिहून द्या' म्हटले तर त्याच दिवशी सही करू नये. घरी यावे, जाणकार वकिलाला दाखवावे. मान राखण्याच्या घाईत आपण हक्काचा पैसा सोडतो. कपात झाल्याने मान जात नाही, बंधूंनो. खुर्ची कंपनीने दिली होती, मान तिने दिला नव्हता.

चौकशीतला सर्वांत अवघड भाग वेगळाच निघाला. मी विचारले, "बाईंना काय वाटतं?" ते खाली पाहू लागले. त्यांनी पत्नीला काही सांगितलेच नव्हते. तिला काळजी नको, हे कारण. दुसऱ्या संध्याकाळी ते आले तेव्हा सांगून आले होते. तिने उत्तर दिले होते, "तीन महिने मी बघतेय. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय."

हे ऐकून मी काही बोलू शकलो नाही. आपण ओझे एकट्याने वाहतो आणि समजतो की घरच्यांना वाचवले. पण ओझे त्यांच्यापर्यंत पोहोचतेच, फक्त चुकीच्या नावाने पोहोचते. नोकरीचा प्रश्न जेवणाच्या टेबलावर मांडणे ही निम्मी सोडवणूक आहे.

दुसरी पायरी निवाड्याची. संत इग्नेशियस लोयोला यांचा एक प्रसिद्ध नियम आहे: मन उदासीनतेत बुडालेले असताना पूर्वी घेतलेला निर्णय बदलू नये. रात्री अकराच्या लोकलमध्ये, साहेबांच्या बोलण्याने जळत असताना, राजीनामा लिहू नये. पण या नियमाचा अर्थ 'कायम सोसत राहा' असा नाही. त्याच उदासीनतेशी झगडावे, प्रार्थना व आत्मपरीक्षण वाढवावे, असेही ते सांगतात. मन निवळले की मग निर्णयाला बसावे. त्यासाठी त्यांनी एक युक्ती दिली आहे. कधीही न पाहिलेला एक अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आपल्याकडे आला आहे आणि त्याचे भले व्हावे असे आपल्याला मनापासून वाटते, अशी कल्पना करा. त्याला काय सांगाल? तेच स्वतः करा. मी ही युक्ती त्या गृहस्थांना सांगितली तेव्हा ते प्रथमच हसले. म्हणाले, "त्याला सांगायला मला पाच मिनिटंपण लागणार नाहीत."

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, 'फादर, तुमचं काय जातं? तुम्हाला हप्ते नाहीत, तुमची कपात होत नाही.' हे खरे आहे. माझे ताट कोणी काढून घेणार नाही. म्हणूनच कोणी काय करावे हे मी सांगत नाही. ज्याला भूक सोसायची नाही त्याने दुसऱ्याला धीराचे प्रवचन देऊ नये, एवढे मी त्या रविवारी शिकलो.

राहिली तिसरी पायरी, अंमल. अक्वायनस हिलाच मुख्य मानतात. चौकशी आणि विचार करत वर्षे घालवणारा माणूस विवेकी नसतो. थांबायचे ठरवले तर थांबण्यालाही तारीख हवी, आणि त्या मुदतीत काय शिकणार, कोणाला भेटणार, किती शिल्लक टाकणार हेही हवे. सोडायचे ठरवले तर कशासाठी सोडतो हे एका वाक्यात सांगता यावे. एवढे करूनही फळ आपल्या हाती नाही. नीट घेतलेला निर्णयही कधी फसतो. परंतु फसलेला निर्णय आपला असेल तर माणूस त्यातून पुन्हा उभा राहतो. उसना असेल तर वीस वर्षांनीही वडिलांसारखा गप्प होतो.

त्या गृहस्थांनी शेवटी काय ठरवले, ते मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर उद्या कोणीतरी म्हणेल, 'त्यांनी केलं, म्हणून मीपण केलं.' त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने मिळून ठरवले आणि रविवारी संध्याकाळी ते आता मुलीला घेऊन किनाऱ्यावर फिरायला जातात, एवढेच सांगतो.

आपणा सर्वांना एक विनंती. ज्याची नोकरी गेली आहे किंवा जाण्याच्या मार्गावर आहे त्याला देवळाच्या पायऱ्यांवर 'सध्या काय करता?' असे सहज विचारू नका. ओळखीने काम मिळण्यासारखे असेल तर बाजूला घेऊन सांगा. आपल्या धर्मग्रामात वकील आहेत, हिशेबनीस आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ दिली तर कितीतरी घरांचा कागद नीट मांडला जाईल. ज्यांची तयारी असेल त्यांनी मला भेटावे.

आणि ज्यांना नुसते बोलायचे असेल त्यांनीही यावे. या वेळी मी घड्याळ काढून ठेवीन.

आपला,
धर्मगुरू