अंतर आणि अवधी

धर्मग्रामात एखादी वृद्ध माता निवर्तली, की शोकाकुल घरातून हल्ली धर्मगुरूला पहिला प्रश्न असा येतो: "फादर, मिस्सा परवा ठेवता येईल का? धाकटा टोरांटोहून निघाला आहे." मग कोणीतरी तासांचा हिशेब मांडू लागतो. मुंबई आणि टोरांटो या दोन विमानतळांमधील अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. भिंतीवरील नकाशा पाहता ही वाट अरबस्तान व अटलांटिक ओलांडून जात असावी असे वाटते. परंतु पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळची वाट रशियावरून उत्तर ध्रुववृत्तात शिरून जाते. ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर १४ तासांचे. मध्ये विमान बदलावे लागले, तर २० तासांच्या वर सहज जातात.

संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले, ते ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले. मोझांबिकला त्यांना कित्येक महिने थांबावे लागले होते. दूर युरोपातील सोबत्यांच्या पत्रांवरील सह्या कापून घेऊन ते त्या छातीशी बाळगीत. २८ जून १५५३ रोजी संत इग्नेशियसांनी त्यांना परत बोलावणारे पत्र रोमहून लिहिले, तेव्हा चीनच्या किनाऱ्यानजीक सांचियान बेटावर झेवियरांना देवाज्ञा होऊन जवळजवळ सात महिने लोटले होते. इग्नेशियसांना त्याची वार्ताही नव्हती.

त्या काळी न येण्याचा दोष समुद्राच्या माथी जात असे. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही शिकलो, की अशक्य गोष्टीचे बंधन कोणावरही नसते. मग जी गोष्ट शक्य झाली, तिचे बंधन आपोआप येते काय? घाईने 'होय' म्हणणे हा परदेशी राबणाऱ्या आमच्या मुलांवर अन्याय ठरेल. विमान २० तासांत आणते खरे. पण रजा मालकाच्या हाती, तिकिटाचे पैसे कर्जाऊ, आणि कधी कागदपत्रे अर्ध्यावर असताना देश सोडण्याची सोय नसते.

तरीही एक गोष्ट मनाला टोचते. शवपेटीसाठी जे २० तास सापडतात, ते आई ओसरीवर बसून वाट पाहत होती तेव्हाही २०च होते. आणि येरीहोच्या वाटेवरील तो याजक जखमी माणसापासून किती दूर होता? चार पावले!

आमच्या मातोश्री अखेरची दोन वर्षे आमच्या धर्मग्रामापासून एस.टी.ने पाऊण तासाच्या वाटेवर होत्या. हाती कामे फार आहेत आणि ती सारी देवाची आहेत, असे आम्ही निरोप धाडीत असू. त्या "बरं" म्हणत. टोरांटोच्या मुलासाठी मिस्सा पुढे ढकलताना आम्ही आता कोणाला तासांचा हिशेब विचारीत नाही.