अपाय आणि अन्याय

गेल्या दीडशे वर्षांत जगात ज्या नव्या प्रकारच्या संस्था उदयास आल्या, त्यांमध्ये वैद्यकीय संशोधनसंस्थांचे स्थान फार वरचे आहे. पॅरिसची पाश्चर संस्था १८८८ साली उघडली. बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्यासाठी १८९१ साली संस्था उभी राहिली आणि त्याच वर्षी लंडनमध्ये जी निघाली ती पुढे लिस्टर संस्था या नावाने ओळखली गेली. मुंबईची प्लेग-प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तिलाच आपण आज हाफकीन संस्था म्हणतो. न्यूयॉर्कची रॉकफेलर संस्था १९०१ सालची. या आणि अशा शेकडो संस्थांमधून जे ज्ञान बाहेर पडले त्याने माणसाचे आयुष्य वाढविले, बालमृत्यू कमी केले, आणि घटसर्प, पोलिओ यांसारख्या रोगांची दहशत ओसरविली. त्यांच्या उपकारांविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

परंतु या उपकारांच्या मुळाशी एक प्रश्न आहे, आणि तो विज्ञानाचा नसून नीतीचा आहे. उंदीर, ससे, माकडे यांच्यावर कितीही प्रयोग केले, तरी कोणतेही औषध वा लस माणसाला मानवते की नाही हे शेवटी माणसावरच पाहावे लागते. कोणीतरी पहिला असावाच लागतो. तो पहिला माणूस कोण असावा, त्याला कोणत्या अटींवर पुढे आणावे, आणि मागाहून येणाऱ्या आपण सर्वांनी त्याचे काय देणे लागावे?

सामान्यतः या प्रश्नाचा निकाल आपण परिणामावरून लावतो. कोणाला इजा झाली नाही ना? मग प्रयोग योग्य होता. कोणी दगावले? मग कोणीतरी अपराधी असलाच पाहिजे. हे माप सोपे आहे, म्हणूनच ते लोकप्रिय आहे. पण ते खोटे माप आहे. कारण अपाय आणि अन्याय या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत केली की निरपराध मनुष्य शिक्षा भोगतो व खरा अपराध मोकळा सुटतो.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग प्रकटला. ओडेसा येथे जन्मलेले आणि पाश्चर संस्थेत तयार झालेले वाल्डेमार हाफकीन त्या वेळी पटकीच्या लशीच्या कामासाठी हिंदुस्थानात होते. ते मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली व न टोचलेल्यांच्या मानाने टोचलेल्यांमध्ये रोग पुष्कळच कमी आढळला. लोकांचा विश्वास बसावा म्हणून आगाखानांनीही स्वतः लस टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात सोल्जरांकरवी घरझडत्या घेऊन प्लेग हटविण्याचा जो उपाय योजला गेला, त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री रँडवरील गोळीबारात झाला हे सर्वांना ठाऊकच आहे. एकाच रोगाशी, एकाच वर्षी, एकाच इलाख्यात झुंजण्याच्या या दोन रीती होत्या. एकीत माणसाला विचारले जात होते, दुसरीत नव्हते.

पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ माणसांना हाफकीन यांची लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. सरकारी चौकशीने दोष परळच्या प्रयोगशाळेच्या माथी मारला आणि हाफकीन यांना पद गमवावे लागले. वास्तविक टोचण्याच्या जागी बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. लिस्टर संस्थेने पुराव्याची फेरतपासणी केली, रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये हाफकीन यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे त्यांच्यावरचा कलंक धुतला गेला. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले.

येथे अपाय भयंकर होता, पण तो लशीच्या निर्मात्याचा अन्याय नव्हता. अपायाचेच माप हाती धरल्यामुळे एका सज्जनाची उमेदीची वर्षे वाया गेली. तथापि हाफकीन निर्दोष ठरले म्हणजे मुलकोवालचा हिशेब मिटला, असेही नव्हे. बहुतेक पुस्तकांत हाफकीन यांचे नाव येते. त्या एकोणीस जणांचा केवळ आकडा येतो. कोणाचाही अपराध नसला तरी कोणाचे तरी देणे शिल्लक राहू शकते. या मुद्द्याकडे आपण पुढे परत येऊ.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण घेऊ. नॉर्वेतील बर्गेन येथे आर्माउअर हान्सेन यांनी १८७३ साली कुष्ठरोगाचा जंतू शोधून काढला. शोध मोठा होता, परंतु हा रोग संसर्गाने होतो हे सिद्ध व्हायचे राहिले होते. १८७९ साली त्यांनी रुग्णालयातील एका कुष्ठरोगी स्त्रीच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतील द्रव्य टोचले. तिला त्यातून नवा विकार जडला नाही. तरीही खटला झाला आणि १८८० साली न्यायालयाने हान्सेन यांना दोषी ठरवून रुग्णालयातील पदावरून दूर केले. हान्सेन हे त्या देशाचे भूषण होते, हेतू ज्ञानाचा होता, अपाय घडला नव्हता. यांपैकी एकही सबब न्यायालयाने पुरेशी मानली नाही. एका गरीब रुग्ण बाईचे शरीर तिला न विचारता साधन म्हणून वापरले गेले, एवढे त्याला पुरले. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या लहानशा न्यायालयाची दृष्टी आजच्या अनेक समित्यांहून स्वच्छ होती असे म्हणावे लागते.

आजच्या समित्यांचा उल्लेख उगाच केलेला नाही. २००९ साली आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत १० ते १४ वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा प्रतिबंध करणारी लस देण्यात आली. त्याला ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’ असे नाव दिले होते. पुढील काळात सात मुलींचे मृत्यू झाले आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबविण्यात आला. चौकशीत मृत्यूंची कारणे सर्पदंश, बुडणे, कीटकनाशक, हिवताप अशी निघाली. लशीशी त्यांचा संबंध आढळला नाही. लस स्वतःही जगभर उपयुक्तच ठरलेली आहे. म्हणजे येथे लशीमुळे अपाय झाला नाही. पण संसदीय समितीने २०१३ साली सादर केलेल्या अहवालात जे दिसले ते असे, की आंध्रातील दोन हजारांहून अधिक संमतिपत्रांवर आईबापांच्या ऐवजी वसतिगृहप्रमुखांच्या वा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या, आणि कित्येकांवर नुसते अंगठे होते. ज्या आईला कागदावर काय लिहिले आहे ते वाचता येत नाही तिचा अंगठा, आणि जिच्या आईला विचारलेच नाही त्या मुलीसाठी तिसऱ्याची सही: याला संमती हे नाव शोभत नाही. कोणी दगावले नाही म्हणून हा दोष नाहीसा होत नाही. आणि ज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तरी तोटाच झाला, कारण एका चांगल्या लशीविषयीचा संशय या देशात पुढे बरीच वर्षे रेंगाळला.

अपाय आणि अन्याय दोन्ही एकत्र आले म्हणजे काय होते ते अमेरिकेतील टस्कीगी येथे दिसले. अलाबामा राज्यातील मेकन परगण्यात १९३२ पासून सरकारी आरोग्यखात्याने उपदंश झालेल्या ३९९ काळ्या पुरुषांचे, त्यांना खरा उपचार न देता, नुसते निरीक्षण चालविले. तुमचे रक्त दूषित आहे, आम्ही त्यावर उपचार करीत आहोत, असे त्यांना सांगण्यात येई. मोबदल्यात जेवण आणि अंत्यविधीचा खर्च मिळे. १९४७ च्या सुमारास पेनिसिलीन हा या रोगाचा मान्य उपचार झाला. त्याच वर्षी न्यूरेंबर्गच्या न्यायासनाने नाझी डॉक्टरांना शिक्षा सुनावताना मानवी प्रयोगांचे दहा नियम घालून दिले, आणि त्यांतला पहिला नियम स्वेच्छेच्या संमतीचाच होता. तरीही टस्कीगीचे निरीक्षण १९७२ पर्यंत चालू राहिले. अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्याबद्दल क्षमा मागितली ती १९९७ साली.

मग संमती मिळाली की सर्व प्रश्न सुटले का? तसेही नाही. सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परोपजीवीची अवस्था पाहिली. ते डास हुसेनखान नावाच्या हिवतापाच्या रोग्याचे रक्त प्यालेले होते, आणि दर डासामागे हुसेनखानाला एक आणा मिळत असे. १९०२ साली रॉसना नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेनखानाला आधीच रोग होता, डासांनी त्याचे आणखी काही बिघडले असे नाही, आणि आणा त्याला हवाच असणार. पण आपण काय देत आहोत याची त्याला कितपत कल्पना होती? १९०० साली क्यूबामध्ये वॉल्टर रीड यांच्या मंडळाने पीतज्वराचे प्रयोग केले तेव्हा स्पॅनिश भाषेत लेखी करार केला. प्रयोगासाठी शंभर डॉलर, रोग जडला तर आणखी शंभर. धोका काय आहे हे त्यात लिहिलेले होते, ही त्या काळी मोठीच सुधारणा होय. परंतु उपाशी माणसापुढे शंभर सुवर्ण डॉलर ठेवून ‘तुझी इच्छा असेल तर’ म्हणणे आणि भायखळ्याच्या कैद्याला ‘तुझी इच्छा असेल तर’ म्हणणे, या दोहोंतही इच्छा या शब्दावर फार ओझे पडते. ‘नाही’ म्हणण्याची ज्याला खरोखरच सोय आहे, त्याच्याच ‘हो’ला किंमत असते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. इतकी कसोटी लावत बसलो तर ज्ञान थांबेल, आणि त्या विलंबात जे मरतील त्यांच्यावरचा अन्याय कोणाच्या खात्यावर मांडायचा? शिवाय गरिबाला भाग घेण्याची बंदी करणे म्हणजे त्याच्या वतीने आपणच निर्णय घेणे, हाही एक अपमानच नव्हे काय? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर बंदी हे नाही. हाफकीन यांनी लस प्रथम स्वतःला टोचली यात शौर्य होते, तसे आणखीही काही होते: ज्याला ती टोचली त्याला धोका पूर्णपणे समजलेला होता. संशोधकाने आपल्या देहाइतकाच दुसऱ्याचा देह मोलाचा मानायचा तर त्याने स्वतःची समजूतही दुसऱ्याला द्यावयास हवी, त्याच्या भाषेत आणि त्याला उमगेल अशी. त्याला वेळ लागतो हे खरे. पण मुलकोवालनंतरही लोक लस घेत राहिले आणि खम्मम-वडोदऱ्यानंतर मागे सरले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. लोक अपघात सोसतात. आपल्याला न विचारणे ते सहज विसरत नाहीत.

राहिला देण्याचा प्रश्न. शतपथ ब्राह्मणात मनुष्य जन्मतःच चार ऋणे घेऊन येतो असे म्हटले आहे. देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे आपल्याला पाठ असतात; चौथे मनुष्यांचे ऋण आपण बहुधा विसरतो. वैद्यकीय संशोधनाचे ऋण या चौथ्या खात्यातले आहे. इंदूरच्या शासकीय रुग्णालयातील औषधचाचण्यांविषयी २०१० च्या सुमारास तक्रारी उठल्या आणि तेथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने त्यांची दाद सर्वोच्च न्यायालयात मागितली. २०१३ साली नुकसानभरपाईचे नियम झाले आणि संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याची अट आली. हे कायद्याने फेडावयाचे ऋण. पण त्याहून मोठी फेड अशी, की ज्यांच्या देहावर औषधाची परीक्षा झाली त्यांच्याच दारी ते परत यावे. ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट यांनी सिद्ध केलेल्या हिवतापाच्या लशीची चाचणी बुर्किना फासो, केनिया, माली आणि टांझानिया येथील लहान मुलांवर झाली. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली, आणि आज ती मुख्यतः आफ्रिकेतील मुलांसाठीच वापरली जाते. हुसेनखानाच्या आण्यापासून हा प्रवास लांबचा आहे, पण दिशा बरोबर आहे.

संशोधनातून अपाय पूर्णपणे काढून टाकणे कोणत्याही संस्थेला साधणार नाही. अज्ञाताशी व्यवहार आहे तेथे चुका होणारच. अन्याय मात्र काढून टाकता येतो, कारण तो आपल्या हाती आहे. संस्थेची थोरवी तिच्या शोधांच्या यादीवरून जोखण्याची आपली रीत आहे. त्या यादीशेजारी आणखी एक प्रश्न लिहून ठेवावा: हे शोध लावताना ज्यांना विचारले गेले, त्यांना ‘नाही’ म्हणता आले असते काय?